टायरांच्या मिशा

एका जंगलात, बाळांनो, दरवर्षी मोटारींची शर्यत भरायची. त्या शर्यतीसाठी शलाका नावाची तरुण सायाळ परदेशातून शिकून परत आली. तिला वाटलं होतं, मैदानात तापलेल्या रबराचा वास असेल आणि वारुळांना वळसे घालत गाड्या किंचाळत असतील. प्रत्यक्षात मैदानात उदबत्तीचा वास होता. गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि एकही चालू नव्हती.

शलाका टायरांचं शिक्षण घेऊन आली होती. हसू नका, त्याला कारण होतं. शर्यत जिंकणाऱ्याला जंगलाची रुग्णवाहिका चालवायला मिळे, आणि दवाखाना होता घाटापलीकडे. मागे एकदा घाटातल्या वळणावर ती गाडी घसरली आणि शलाकाची आई दवाखान्याऐवजी ओढ्यात पोचली. तेव्हापासून ती लंगडत होती. पुन्हा कुणाचं असं होऊ नये, म्हणून शलाकाला ती गाडी हवी होती.

"भैरूअण्णा, शर्यत कधी सुरू होणार?" तिनं विचारलं.

भैरूअण्णा म्हणजे सरपंच गवा. परीक्षकही तेच. ते एका टायरापाशी गुडघे टेकून, भिंग लावून बसले होते.

"अगं, चालूच आहे की! मिशा बघतोय."

नव्या टायरावर रबराचे बारीक केस असतात, बघितलेत ना? गाडी थोडी पळाली की ते झडतात. या जंगलात त्यांना मिशा म्हणत. ज्याच्या टायरांना जास्त मिशा, तो जिंकला! म्हणून सगळे शर्यतीचे महागडे टायर घेत आणि गाडी जागची हलवत नसत. रानडुक्कर दौलतरावांची गाडी तर रेड्यांनी खांद्यावरून वाहून आणली होती.

"अहो अण्णा, मिशांनी पकड येत नाही!" शलाका कळवळून म्हणाली. "मऊ रबर रस्ता धरतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण वळणावर दगा देतं. मी मधलं निवडलंय. रोज बाजाराला न्या, सुटीच्या दिवशी शर्यतीत पळवा. जरासं तापलं की असं चिकटतं! थांबा, दाखवतेच."

"नको गं पोरी, झिजतील!" दौलतरावांनी डोळे गच्च मिटले.

शलाका निघाली. एका वारुळाला डावीकडून, दुसऱ्याला उजवीकडून. एकाही मुंगीची झोपमोड झाली नाही. ती थांबली तेव्हा टायर छान गरम होते. मिशी मात्र एकही उरली नव्हती.

"शून्य," अण्णा हळहळले. "इतकं शिकून आलीस, आणि टायर वापरलेस?"

रुग्णवाहिका दौलतरावांना मिळाली. त्यांनी तिला नवे मिशाळ टायर बसवले, त्यांवर जुनी लुगडी गुंडाळली आणि गाडीखान्याला कुलूप घातलं.

त्याच संध्याकाळी, सत्काराच्या जेवणात अण्णांनी फणस जरा जास्तच हाणला. पोट टम्म फुगलं. ते आडवे झाले.

"दौलत, गाडी काढ रे लवकर!"

"अण्णा, जीव मागा, देतो," दौलतराव गहिवरले. "पण घाटात मिशा जातील हो."

शेवटी शलाकानंच अण्णांना आपल्या गाडीत कोंबलं. तेच ते वळण आलं. पण टायरांनी रस्ता सोडला नाही.

दवाखान्यात पोट उतरल्यावर अण्णांचे डोळे भरून आले. "पोरी, तुझ्यामुळे वाचलो बघ."

शलाकाला वाटलं, आता गाडी आपलीच.

अण्णा वाकून तिच्या टायरांकडे बघत होते. "पण हे काय करून घेतलंस गं? एवढी चांगल्या घरातली मुलगी, आणि चारचौघांत हे असले बोडके टायर! पुढच्या वर्षी तरी नीट तयारी करून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका अंगणात आईपुढे पाठ करून बसली.

"आई, माझे बारीक बारीक काटे उपट."

"अगं, वेड लागलं का तुला? कशाला?"

"टायरांना मिशा लावणार आहे. वर्षभर चिकटवत बसेन. पण पुढच्या खेपेला ती गाडी मी घेणार म्हणजे घेणार."

आई लंगडत आत गेली आणि डिंकाची वाटी घेऊन आली.

तात्पर्य: टायर निवडताना रस्ता कसा आहे ते बघू नये, परीक्षक कुठे बघतो ते बघावं. आणि घाटात जायची वेळ आलीच, तर जिला शून्य मिळालंय तिच्या गाडीत गुपचूप बसावं.