उत्तममामांच्या गुडघ्यांची ट्रायल

आमच्या चौसाळ्यात उत्तममामांना "जयभीम मामा" म्हटलं, की ते तोंडानं "जयभीम" म्हणायचे आणि हातांनी पायजमा गुडघ्याच्या वर ओढायचे. मग भर हायवेवर, चहाच्या टपरीसमोर, आपल्याला त्यांचे गुडघे बघावेच लागायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझी बायको सोबत होती. ती किंचाळलीच.

मामा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर, आमचे भिंतीला भिंत शेजारी. "ट्रायल चालू हाय, मास्तर," हे त्यांचं पालुपद. गॅरेजमधून सुटलेली गाडी आधी रिकामी फिरवून बघावी, तशी ते गुडघेदुखीच्या प्रत्येक इलाजाची ट्रायल घेत. एरंडाची पानं बांधून झाली, गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकून झालं. मोबाईलवर कुणीतरी उलटं चालायला सांगितलं, तर मामा आठवडी बाजारात उलटे चालत थेट कोथिंबीरवालीच्या पाटीत बसले.

"मामा, लागलं का ओ?"

"मला न्हाई. कोथिंबिरीला."

एकदा दुपारी भिंतीवरून सहज डोकावलो आणि गारच पडलो. मामा बाजेवर बसलेले, गुडघ्यावर काचेचा ग्लास उपडा, आणि ग्लासात जिवंत मधमाशी!

"मामा, काय करताय हे?"

"ही चावली की दुखणं जातं म्हणं. पण चावंनाच. कावून चावत नसंल?"

तेवढ्यात ती चावली. मामांच्या बोंबेनं गल्ली गोळा झाली. गुडघा टरारून सुजला. "फेल," मामा दात आवळून म्हणाले.

लसणाच्या लेपाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लेप लावून मामा झोपले, उठले तेव्हा गुडघ्यावर हे एवढाले फोड. मी भडकलो. "बास झालं! उद्या बीडला, हाडांच्या डॉक्टरांकडं."

मामा लगेच कबूल झाले, याचाच मला धक्का बसला. "पण ही बी येणार," एवढंच म्हणाले.

ही म्हणजे शांतामामी. मामी हल्ली दारातसुद्धा दिसत नसत. नवऱ्याच्या तमाशाला लाजत असतील, असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी मामांचा एक्स-रे उजेडात धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. "काका, तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. वरची कातडी तेवढी भाजलीय. दुखतं नेमकं कुठं?"

"कुठंच न्हाई."

मी खुर्चीतून उठलोच. "मामा! मग हे सगळं कशापायी?"

मामांनी मामीकडं बोट केलं. "हिचे दुखतेत. उठाय-बसाय येत न्हाई. बाजारातल्या एका जडीबुटीवाल्यानं हिला कसला लेप लावला, कातडं निघालं. लई कण्हली ओ. तवाच ठरवलं, आधी माझ्या गुडघ्याला, मग हिच्या."

मामी तर आमच्याहून थक्क. "आन् मला म्हणले, माझे बी दुखतेत, आपण दोघं संगंच म्हातारे झालो!"

डॉक्टरांनी मामींना तपासलं. झीज होती, पण ऑपरेशनची वेळ आली नव्हती. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम, उकिडवं बसणं बंद, वजन थोडं कमी, चालताना काठी, दुखलं तर शेक. "याउपर दुखलंच, तर इंजेक्शनचा विचार करू."

मामांनी पायजमा वर ओढला. "आधी मला द्या."

डॉक्टर बघतच राहिले. "असं देता येत नाही, काका."

"मग लई दुखतं का, तेवढं सांगा. खोटं नका बोलू."

"थोडं दुखतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही हात धरून बसा."

इंजेक्शनची गरज अजून पडलेली नाही. मामी आता काठी घेऊन पौर्णिमेला विहारात जातात. रोज सकाळी ओट्यावर दोन खुर्च्या लागतात आणि दोघं समोरासमोर बसून पाय सरळ करतात.

परवा मामी चहा ठेवायला आत गेल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला कशाला हवा व्यायाम?"

मामांनी आधी दाराकडं पाहिलं. "एकटीनं केला की तिला जास्त दुखतं," ते म्हणाले आणि पुन्हा पाय उचलला.