भिकूआजोंचा भाता आणि तांबडी ज्येष्ठा

आमच्या आचरे गावच्या भिकूआजो लोहारांना गरम आणि गार हे शब्द जणू ठाऊकच नव्हते. ऊन-थंड सगळं ते रंगात सांगत. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. माझी आई त्यांना चहा नेऊन देई. तो कोमट निघाला की म्हणत, "च्याय तांबडीच ऱ्हवली गो बाय, पिवळी कर!" मी वाडीतला पहिलाच कॉलेजात गेलेला. सुट्टीत आलो तर मला न्याहाळून म्हणाले, "अजून तांबडोच रे तू. आनखी भट्टीत ऱ्हव."

त्या मे महिन्यात दिवेलागणीनंतर मी अंगणात पोरांना तारे दाखवत असे. चित्रा निळसर, म्हणजे फार तापलेली. ज्येष्ठा तांबडी, म्हणजे त्या मानाने थंड, असं सांगितलं तर पोरं खिदळली.

"तांबडी आनि थंड? मगे चुलीत हात घाल बघूया!"

शेजारच्या भट्टीवरून भिकूआजो गरजले, "हंय येवा रे सगळे!"

त्यांनी भट्टीतली पट्टी दाखवली. "ह्या तांबडा. आता भातो मारतंय. झाला पिवळा? आनि ह्या पांढरा! निळ्यापर्यंत आमचो भातो पोचणा नाय. थंय वरच्याचोच भातो होयो."

मग पट्टी बाहेर ठेवली. ती पिवळी, तांबडी होत शेवटी काळी पडली.

"मगे माझी ज्येष्ठा पन काळी होतली?" सुमीने विचारलं. ही आजोंची सहा वर्षांची नात, देवबागेहून आठ दिवसांसाठी आलेली. ज्येष्ठा तिने पहिल्याच रात्री आपली म्हणून निवडली होती.

तापल्या वस्तूबद्दल आजो खोटं बोलत नसत. "होतली," ते म्हणाले.

सुमीने भोकाड पसरलं. जेवेना. त्याला अजून लाखो वर्षं आहेत, असं मी सांगून पाहिलं. पण तिला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं.

शेवटी आजो विझलेल्या भट्टीचा भाता ओढू लागले. "बघ गो, माझो वारो वर जाता. इझूची नाय ती."

वर बघत बघत सुमी भात जेवली. पुढे रोज जेवताना तिला भाता लागे.

ती परत गेल्यावरही रात्री जेवणाच्या वेळी भाता ऐकू येई. मी जाऊन पाहिलं. भट्टीत निखारा नव्हता. आजो एकटेच ओढत होते.

"आजोनू, सुमी तर गेली," मी चाचरत म्हणालो.

"गेली," ते म्हणाले. हात थांबला नाही. "पन ज्येष्ठा देवबागेसून दिसता मा? माझा चेडू जेवताना बघीत आसतला."