कंपनीचे बूट, साहेबांच्या चपला

बॉयलर तपासायला आलेले सरकारी साहेब कंपनीचे बूट घालूनच गेले, हे मॅनेजरांच्या लक्षात आलं तेव्हा साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली होती. बॉयलरच्या खोलीत चपला चालत नाहीत, म्हणून कंपनीने त्यांना पोलादी टोकाचे नवेकोरे बूट दिले होते. मध्येच फोन आला आणि साहेब बोलत बोलत तसेच निघाले. बॉयलरच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही उद्या व्हायची होती.

एरवी कोणी याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मालकांची सूनबाई वकील होती आणि हल्लीच तिने कंपनीचं कायद्याचं खातं हातात घेतलं होतं.

"काका, सहीच्या आदल्या दिवशी नवे बूट? ही सरळ लाच झाली."

"अहो, मी कुठे दिली? ते विसरले."

"कोर्टात हेच सांगणार? लाच एखादा माणूस देतो, पिंजऱ्यात कंपनी उभी राहते. ती रोखायची नीट व्यवस्था केली होती, हे दाखवता आलं तरच सुटका. त्यांच्या चपला कुठायत?"

"माझ्या केबिनमध्ये."

"म्हणजे देवाणघेवाणही झाली."

तिने चपला पिशवीत घातल्या, पिशवीला सील ठोकलं, ती कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "आधी बूट परत आणा. त्याआधी प्रमाणपत्र घेतलंत, तर नोकरी विसरा."

मॅनेजरांची दोन्ही मुलं शिकत होती. नोकरी विसरणं त्यांना परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांच्या कचेरीत गेले, तर बूट साहेबांच्या पायातच होते. एकाच जोडावर भागवणारा सरळ माणूस, उभ्या नोकरीत कोणाचा चहासुद्धा घेतला नव्हता.

"साहेब, जरा बूट काढता?"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. मॅनेजरांनी सगळं सांगितलं, तसा साहेबांचा चेहराच उतरला.

"म्हणजे कालपासून मी लाच घालून फिरतोय?"

त्यांनी बूट ओढून काढले आणि मगच प्रमाणपत्रावर सही केली. बॉयलर ठणठणीतच होता. मॅनेजरांनी कागद खिशात घातला, बूट काखेत मारले.

"आता माझ्या चपला द्या."

"त्या कपाटात. किल्ली सूनबाईंकडे, आणि त्या परगावी गेल्यात. लाच कशी रोखावी, त्याचं शिबिर आहे."

"अहो, दुपारी मोठे साहेब येतायत. त्यांच्यापुढे अनवाणी उभा राहू?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"काहीतरी मार्ग काढा ना. तुमचं काय ते बघून घेऊ."

हे वाक्य मॅनेजर आयुष्यभर टेबलाच्या या बाजूने बोलत आले होते. ते ऐकायची ही पहिलीच वेळ, आणि त्यांना फार म्हणजे फारच बरं वाटलं.

"साहेब," ते म्हणाले, "उद्या या."