हळवा पॅड

“वहिनी, जुन्याला आधी विसरा, मगच नव्याशी जुळवा,” असं धाकट्या दिराने बजावलं होतं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो ट्रॅकपॅडबद्दल, बोट फिरवून पडद्यावरचा बाण हलवायच्या पट्टीबद्दल, बोलत होता. पडद्यावरच्या यादीत जुन्या बिनतारी पॅडचं नाव होतं, नावापुढे ‘विसरा’ असं बटण होतं, ते एकदा दाबलं की जुन्याचा कॉम्प्युटरशी संबंध तुटला. पण नेमकं तेव्हाच गॅसवर दूध वर आलं आणि धाकटी लेक खारू स्टुलावर चढली. सूनबाई “नंतर बघते” म्हणत धावली. नंतर बघायच्या गोष्टींचं नंतर काय होतं, हे लेकुरवाळ्या बाईला सांगायला नको.

तसाही जुना पॅड कामातून गेलाच होता. खारूने त्याला पेलाभर दूध पाजलं होतं. सूनबाईने सेल काढून, पुसूनबिसून त्याची अडगळीच्या खणात रवानगी केली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, की हा पॅड आता काही कामाचा नाही.

नवा पॅड आणायचं कारण मोठं होतं. दुकानं आणि दवाखाने आतून कसे असावेत याचे नकाशे काढणं हे सूनबाईचं काम. खारू झाली तेव्हा ते सुटलं, त्याला साडेतीन वर्षं झाली. आता जुन्या साहेबांनी एक संधी दिली होती: दातांच्या एका डॉक्टरबाईंचा नवा दवाखाना. त्यांनी आधी दोघांचे नकाशे परत पाठवले होते. “एवढं पार पाडा, मग कायमचं बोलू,” साहेब म्हणाले होते. गुरुवारी सकाळी दहा वाजता तिघांनी आपापल्या पडद्यावर नकाशा बघायचा, असं ठरलं.

सोमवारी सकाळी तिने खारूला आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खोलीत सोडलं आणि ती कामाला बसली. दहा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. तिने दोन्ही हात वर केले, तरी बाण चालतच राहिला. त्याने पेशंटची खुर्ची उचलली, वळसे घेत घेत तिला सगळ्या दवाखान्यात फिरवलं आणि संडासात नेऊन ठेवली.

“नवे पॅड फार हळवे असतात, वहिनी,” दीर फोनवर म्हणाला. “जरा हळवेपणा कमी करा त्याचा.”

तिने तो सेटिंगमध्ये जाऊन पार तळाला नेला. परिणाम असा झाला, की तिला स्वतःला बाण इंचभर हलवायचा तर करपलेलं पातेलं घासावं तसं बोट घासावं लागे; आणि मंगळवारी दहा-दहा झाले की तोच बाण विनासायास उधळे. मग तिने बांगड्या उतरवल्या. पॅड लोखंडी टेबलावरून लाकडी पाटावर आणला. कोरड्या फडक्याने पुसला, सेल बदलले. नवरा ऑफिसला निघता निघता म्हणाला, की पॅड तिच्यावरच गेलाय, पलीकडच्या खोलीत कुणी शिंकलं तरी दचकतो. तिने त्याच्या हातात डबा दिला.

सूनबाई मुळात टिपून ठेवणारी. खारूची खोकल्याची वही होती तिच्याकडे, त्यातच मागून पानं उलटून पॅडची नोंद सुरू झाली. दोन दिवसांत निष्कर्ष निघाला: बाण दहा-दहाला पिसाळतो आणि पावणेअकराला शांत होतो. त्याच वेळी शेजारच्या काकूंचा मिक्सर चालू असतो. काकूंनी बिचाऱ्यांनी बुधवारी मिक्सर लावला नाही, घरच्यांना कालचंच वाढलं. बाणाने त्याची काही कदर केली नाही.

उरला एकच उपाय, घरात पूर्ण शांतता. गुरुवारी सकाळी ती आबांच्या दारात उभी राहिली.

“आबा, आज खारूला अकरापर्यंत बाहेर सोडू नका. आणि आवाज नको बरं का. माझं सगळं आजच्यावर आहे.”

आबांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शिडीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसासारखे ते मोजकंच बोलत. “काळजी करू नकोस, सूनबाई,” ते म्हणाले. “आज अवघडातलं घेतो. वेळ पुरून उरेल.”

तिला ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात आधीच पुष्कळ होतं. त्यात बालवाडीच्या बाईंचा निरोपही होता: मुलीचा हात अजून वळत नाही, पेन्सिल दिली की कुरतडते. खारू हे नाव पडलं ते त्यावरूनच.

दहाला पडद्यावर एका चौकोनात साहेब आले, दुसऱ्यात डॉक्टरबाई. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. डॉक्टरबाईंनी दोनदा मान हलवली. मग बाण हलला.

“ही खुर्ची संडासाकडे का चालली आहे?” डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं.

“ये-जा करायला जागा किती मोकळी आहे, ते दाखवतेय,” सूनबाई म्हणाली. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

तिने बोट घासघासून खुर्ची जागेवर आणली, तोवर बाणाने बाक काढायचं साधन पकडलं होतं. पेशंट बसतात त्या खोलीच्या मधोमध त्याने एक गोल बाक ओढला. तो पुरा करून तसाच न थांबता शेजारी दुसरा गोल. सूनबाईने पॅडवरचा हात काढून मांडीवर ठेवला. अब्रू जायचीच असेल तर निदान घाम पुसून जावी.

“आठ आडवा झालाय का?” साहेबांनी विचारलं.

बाण दोन गोलांच्या मध्ये आला, वर एक छोटी दांडी चढला. क्षणभर थांबला. मग डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून ओढावी तशी एक आडवी रेघ आली. सरळ. कुठेही न अडखळता.

“ळ,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

आणि भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला, “शाब्बास. आता हात न उचलता पुन्हा एकदा.”

सूनबाईला आपली आजवरची नोंद आठवली आणि एकेक अक्षर दिसायला लागलं. सोमवारी खुर्ची फिरली तो ‘ग’ होता. मंगळवारचा ‘थ’, बुधवारचा ‘क्ष’ असावा. भुताटकी नव्हती ती. कुणीतरी गिरवत होतं. रेघ पुन्हा एकदा बघितली तिने. अक्षराबाहेर केसभरही गेली नव्हती. नोकरी हातची जात असताना माणसाची छाती फुगते का? तिची फुगली.

डॉक्टरबाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, “लहान पोरं बाहेर बसून रडतात माझ्याकडे. या दोन गोलांत खेळत बसतील. खुर्चीचं, कपाटांचं नंतर बोलू, मला ती जागा पटलेली नाही. पण हा बाक असाच हवा. कल्पना कुणाची?”

“आमच्या ज्युनिअरची,” सूनबाईने सांगून टाकलं.

“अनुभव किती?”

“साडेतीन वर्षं,” सूनबाई म्हणाली. साहेब पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला.

काम मिळालं. तीन आठवडे खपून काढलेल्या तिच्या नकाशातलं सगळं बदलायचं ठरलं, ‘ळ’ सोडून.

ती आबांच्या खोलीत गेली तेव्हा जुना पॅड चटईवर होता. त्यावर पातळ कागद ताणून चिकटवलेला, कागदावर आबांच्या हातचा देखणा ‘ळ’, आणि खारूचं बोट त्या अक्षरावर.

“तूच म्हणालीस, पॅड कामाचा नाही,” आबा म्हणाले. “गुळगुळीत होता, पाटी केली. पेन्सिल खाते ती. बोट नाही खात.”

“पण आबा, त्यात सेल कुणी घातले?”

“भिंतीवरच्या घड्याळासाठी आणले होते. हरवू नयेत म्हणून त्या खोबणीत ठेवले. चांगले बसले.”

तिने वर पाहिलं. आबांच्या खोलीतलं घड्याळ रविवारपासून पावणेचारावर थांबलेलं होतं. घरातली शिंकसुद्धा टिपून ठेवणाऱ्या तिला ते दिसलं नव्हतं.

दुपारी दिराचा फोन आला. “वहिनी, खरं सांगा, जुन्याला विसरला होतात का?” ती उठली आणि यादी उघडून बाण ‘विसरा’वर नेला. ती दाबणार, एवढ्यात बाण तिच्या बोटाखालून आपोआप निसटला आणि डावीकडे गेला. पलीकडे खारूची दुसरी ओळ सुरू झाली होती.

तिने हात काढून घेतला. आता रोज दहा-दहाला ती काम बाजूला ठेवते, कोरं पान उघडते आणि बघत बसते.

तेव्हा तुमच्याही पडद्यावरचा बाण कधी आपल्या मनाने चालू लागला, तर दुकानात धाव घेऊ नका. लहान मूल गप्प झालं की आपण लगेच बघायला जातो. म्हातारं माणूस गप्प असलं, की आराम करत असेल म्हणून पुढे जातो. जरा उठा, त्या खोलीत डोकावून या. फक्त दार वाजवू नका. रेघ हलते.