कुंडीतला किरी

बोन्साय मंडळातल्या लोकांनी पन्नास-पन्नास वर्षं पाइनची मनधरणी करत बसावं, हे क्योहेई ताकिगुचीला अजिबात पटत नसे. झाड म्हातारं दिसेपर्यंत माणूसच म्हातारा होतो, मग प्रदर्शनात नक्की कोणाला मांडायचं? त्याने किरी नावाचं झाड निवडलं. किरी एका उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातो आणि चार वर्षांत घराच्या कौलांवर. अशा दांडगटाला ताटाएवढ्या कुंडीत गप्प बसवून दाखवलं, की मग बोलायचं.

कामो गावात आजवर हे कोणाला सुचलं नव्हतं, कारण कामोतल्या लोकांना किरी माहीत होता. मुलगी जन्मली की अंगणाच्या कोपऱ्यात किरी लावायचा आणि तिच्या लग्नात तोडून कपाट करायचं. गावाचं अर्धं पोट त्या कपाटांवर. क्योहेई मात्र पाणीखात्यातून निवृत्त झालेला, म्हणजे झाडांबद्दल स्वतंत्र मतं बाळगायला मोकळा.

मंडळात त्याला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत शरद-प्रदर्शनात त्याच्याकडे एकच जबाबदारी असे: दाराशी बसून पाहुण्यांच्या चपला ओळीत लावणं. एप्रिलच्या सभेत त्याने किरीचं जाहीर केलं, तेव्हा अध्यक्ष सुगानुमा सेन्सेईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"ताकिगुची-सान, किरीचं पान केवढं असतं ठाऊक आहे ना?"

"तळहाताएवढं करून दाखवतो."

"कोणाच्या तळहाताएवढं?" मागून कोणीतरी विचारलं. सभा बराच वेळ हसली.

सेन्सेई हसले नाहीत. हसणं त्यांनी सत्तरीतच सोडलं होतं. "सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी घरी येऊन बघेन. पान तळहातात मावलं, तर प्रदर्शनात तिसऱ्या ओळीतली जागा तुमच्या झाडाची. नाहीतर चपला आहेतच."

मे महिन्यात पहिलं पान बशीएवढं आलं. क्योहेईने ते कापलं. दुसरं ताटलीएवढं आलं, तेही कापलं. तिसरं परातीएवढं आलं, तेव्हा त्याने दात-ओठ खाऊन रोप बुंध्याशीच छाटलं.

"अहो, तुम्ही त्याला कापताय की चिडवताय?" बायकोने, मिसाओने विचारलं.

"शिस्त लावतोय."

"माझे वडीलही पहिल्या वर्षी किरी असाच बुंध्याशी छाटायचे." मिसाओ कपाटवाल्याची मुलगी.

"बघ. म्हणजे पद्धत बरोबर आहे."

"खोड सरळ आणि उंच यावं म्हणून छाटायचे."

यावर क्योहेईने झाडाचं पाणी तोडलं. पाणीखात्यात आयुष्यभर त्याला याच कामाचा सराव झाला होता.

जुलैत मिसाओला आलुबुखार वाळत घालायला बाक हवा झाला, म्हणून बाकावरची कुंडी कुंपणाच्या कोपऱ्यात मातीवर गेली. तीन दिवसांपुरती. आलुबुखार वाळले, बरण्यांत गेले, पण कुंडी तिथेच राहिली. तिच्या तळाच्या भोकातून मुळाने खाली डोकावून पाहिलं आणि त्याला जागा आवडली. त्या दिवसापासून पाण्याचा थेंब न मिळालेलं झाड रोज वीतभर वर जाऊ लागलं. क्योहेईला वाटलं, उपासाने तेज चढलं.

ऑगस्ट सरेपर्यंत कुंडीचे तीन तुकडे झाले होते आणि तुकड्यांवर पानांनी मांडव घातला होता. एका पानाखाली शेजारच्या ओताके-बाईंची मांजर पिल्लांसह राहायला आली. क्योहेई रोज सकाळी पानावर तळहात ठेवून बघे. तळहात काही वाढत नव्हता.

कुंपणापलीकडून ओताके-बाईही बघत होत्या. कामोत असल्या गोष्टी कोणी तोंडावर विचारत नाही, ज्याने त्याने आपापलं गणित मांडायचं असतं. कोपऱ्यात नवा किरी. घरातली एकुलती मुलगी चिगुसा, वय चौतीस, नागोयात एकटी, बिनलग्नाची. यंदा ओबोनला, पितरांच्या सणाच्या सुट्टीतही घरी आली नाही. बाकी शून्य उरली.

ओताके-बाईंनी कोणालाही काही सांगितलं नाही. फक्त तोफूच्या दुकानात, केस कापायला गेल्यावर आणि देवळाच्या पायरीवर त्यांनी एकेक सुस्कारा सोडला.

तोफूवालीने मिसाओच्या डब्यात एक वडी जास्त टाकली. "धीर धरा, ताकिगुची-वहिनी. हल्ली चांगल्या घरांतही असं होतं."

ती नवऱ्याबद्दल बोलतेय असं मिसाओला वाटलं. "छत्तीस वर्षं धरलाय," ती मनापासून म्हणाली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी क्योहेई करवत घेऊन स्टुलावर चढला. बेत साधा होता. सगळी पानं उतरवायची, शेंड्याचं कालच फुटलेलं तेवढं ठेवायचं आणि सेन्सेईंना त्यांचा तळहात तिथवर न्यायला सांगायचं. करवत पहिल्या देठाला टेकते न टेकते तोच फाटक वाजलं. सेन्सेई काळ्या सुटात. शेजारी त्यांच्या पत्नी, हातात शुभकार्याच्या लाल भाताचा डबा. मागे मंडळाचे अकरा सभासद.

"ताकिगुची-सान, खाली उतरा," सेन्सेई हळू आवाजात म्हणाले. "त्या लेकराचं काय चुकलं?"

"सेन्सेई, पान जरा..."

"पानाचं सोडा. आम्हाला सगळं कळलंय. एप्रिलपासून तुम्ही बोन्साय-बोन्साय करताय. मंडळाला वाटलं, या माणसाला अक्कलच नाही. मीही रात्री अंथरुणात पडून विचार करायचो, कुंडीत किरी वाढवण्याइतका मूर्ख माणूस असेल का? आता उलगडा झाला. नातीचं झाड लावायचं होतं आणि सांगायला तोंड नव्हतं."

अकरा माना समजूतदारपणे हलल्या.

क्योहेईने स्टुलावरूनच दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. एका बाजूला लग्नाआधीच आई झालेल्या मुलीचा बाप, पण शहाणा. दुसऱ्या बाजूला सेन्सेईंची झोप उडवणारा तो मूर्ख. फार वेळ लागला नाही.

"हो," तो म्हणाला. "तोंड नव्हतं."

स्वयंपाकघरात मिसाओच्या हातून काहीतरी पडलं.

"यंदा चपला नकोत," सेन्सेई म्हणाले. "आजोबांना वाकायला लावणं बरं दिसत नाही. उद्घाटनाला पहिल्या ओळीत माझ्याशेजारी बसा."

नऊ वर्षांत एकाही झाडाने जे मिळवून दिलं नव्हतं, ते न जन्मलेल्या नातीने एका सकाळीत मिळवून दिलं. क्योहेईने लाल भात दोनदा मागून घेतला.

गुरुवारी नागोयाहून फोन आला.

"बाबा, ओताके-काकूंनी मला झबलं पाठवलंय," चिगुसा म्हणाली. "गुलाबी. सोबत पत्र आहे, की नातीचं झाड छान वाढलंय."

"वाढलंय खरं."

"मी जास्त काही विचारत नाही. एवढंच सांगा, माझं लग्न झालंय का?"

क्योहेईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते अजून कोणी विचारलेलं नाही," तो म्हणाला. "विचारलं की कळवतो."