तिमाजीपंतांनी दोहीं तीरी दोन भांडणे राखिली त्याची हकीकत

श्री. उंबरठ्याची देवता प्रसन्न असो. घराचे आत कोण आणि बाहेर कोण, हा निवाडा जिचे हाती, तीस आधी दंडवत घालोन मग हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशें अठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, एका नदीचे दोहीं काठी दोन दौलती नांदत होत्या. एकीस अलीकडील म्हणत, दुसरीस पलीकडील म्हणत, आणि पलीकडचे लोक हीच नावे उलटी घेत, त्यावरून दोन लढाया जाहल्या, त्या येथे सांगत नाही. दोहींकडे परमुलखीची माणसे फार येऊ लागली, आणि येणारा प्रत्येक कायम रहिवासाची सनद मागे. तेव्हां अलीकडील दिवाणांस चिंता पडली की, राहणारा कोण आणि जाणारा कोण हे ओळखावे कसे? शपथ तर लबाडही घेतो. मग दिवाण बोलिले, "पाहुणा कधी भांडत नाही. आमटी अळणी जाहली तरी वाहवा म्हणोन भुरकतो. ज्यास येथेच मरावयाचे, तोच वीतभर जागेसाठी शेजाऱ्याचे सात पिढ्यांचा उद्धार करितो." वाहवा रे अक्कल! लागलाच कायदा जाहला की, ज्याचे भांडण जिते, तो कायम रहिवासी. ज्याचे नाही तो पाहुणा, त्याने गाशा गुंडाळावा. वर्षास एक वेळ रहिवासनवीस दारी येत, भांडण स्वकर्णे ऐकत, आणि सनदेवर शिक्का करीत. पलीकडील दौलतीने या कायद्यास यथेच्छ नावे ठेविली, आणि मग तोच कायदा आपल्या डोक्यातून निघाला म्हणोन दवंडी पिटिली.

ते समयी तिमाजीपंत म्हणोन गृहस्थ तिसऱ्याच मुलखातून कुटुंबासह येऊन अलीकडे राहिले. कुटुंबाचे नाव गिरमाबाई. बाई पाणवठ्यावर पहिलेच दिवशी तिघींशी भांडल्या, सबब त्यांची सनद त्यांस तेव्हांच मिळाली. पंतांनीही शेजारी बाळंभटाशी शेवग्यावरून भांडण काढिले. झाड भटाचे, फांदी पंतांचे अंगणात, शेंगा कोणाच्या? सनद मिळाली. येथे मनुष्याने सुखाने दोन घास खावे की नाही? परंतु पंतांचे पोटात भय मोठे. येथे दंगा जाहला तर? तेथे दुष्काळ पडला तर? दोहीं डगरींवर हात असावा, म्हणोन पलीकडेही एक खोपट घेतले, आणि तेथील शेजारी सटवोजी याचे दारात धुण्याचे पाणी सोडोन दुसरे भांडण उभे केले, आणि दुसरी सनद पदरात पाडिली. दोहीं सरकारांत बोलणेच बंद, त्यामुळे एकाची खबर दुसऱ्यास नाही. मग पंतांची स्वारी होडीत बसोन इकडे जाऊन ओरडे, तिकडे जाऊन ओरडे, आणि वाटेत नव्या शिव्या पाठ करी. नावाडी कान झाकोन वल्हे मारी. घरी येत ते घसा शेकण्यास. बाई काही बोलल्या तर "बरे, तुझेच खरे," म्हणत आणि कूस वळोन निजत. ऐसी बारा वर्षे गेली.

मग होणारे चुकत नाही. एके दिवशी पंत पलीकडे उतरले, आणि होडीत शिव्या पाठ करिता करिता काठ कोणता हे भान सुटले होते, म्हणोन सटवोजीचे दारी उभे राहोन गर्जले, "अरे मेल्या, तुझ्या शेवग्याचा पाला माझ्या अंगणात किती दिवस झाडू?" सटवोजी दाढी करीत होता, तो अर्ध्या दाढीनिशी बाहेर आला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. म्हणाला, "पंत, माझे दारी शेवगा आहे कोठे?" पंत गडबडोन म्हणाले, "नाही तर नाही! असता तर?" आणि पाय लावोन पळाले. परंतु सटवोजीचे मनास फार लागले. बारा वर्षे ज्यास जिवाचा वैरी मानिला, त्याचा आणिकही कोणी वैरी असावा! तो होडी करोन अलीकडे आला, शेवगा शोधीत बाळंभटाचे दारी पोहोचला, आणि दोघांची गाठ पडोन सारा उलगडा जाहला. बाळंभट रडावयाचे बाकी राहिले. म्हणाले, "मी याचेसाठी आजारपणातही अंथरुणातून ओरडलो हो!" मग दोघांनी त्याच झाडाच्या शेंगांची आमटी ओरपिली आणि मसलत केली की, मारावे तर रक्त निघते, शिव्या द्याव्या तर त्यास हव्याच आहेत; यास क्षमा करावी.

मग पलीकडे रहिवासनवीस आले. पंतांनी घसा साफ करोन पाणी ओतिले. सटवोजी हात जोडोन पुढे जाहला आणि म्हणाला, "सोडा, पंत, खुशाल सोडा. आपले पाणी म्हणजे गंगा." पंत म्हणाले, "तू गाढव!" तो म्हणाला, "अगदी खरे." पंतांनी त्याचा बाप काढिला, आजा काढिला, त्याने सर्वांचे वतीने माफी मागितली. सनद रद्द जाहली. पंत तसेच ओल्या धोतराने होडीत बसोन अलीकडे धावले, तो तेथील रहिवासनवीस आधीच ओट्यावर, आणि बाळंभट शेंगांची जुडी नारळासह घेऊन उभे! "पंत, फांदी आपली, झाड आपले, मीही आपलाच." पंत मटकन खाली बसले. रहिवासनवीस भला मनुष्य, त्यास दया आली. म्हणाला, "कायद्यास घरातले भांडणही चालते. कुटुंबाशी कधी वाजले असेल तर सांगा, शिक्का करितो."

तेव्हां पंतांनी आशेने गिरमाबाईंकडे पाहिले. बाई दाराआडून बोलल्या, "महाराज, शेजारच्या बायकांस डाळीत खडा निघाला म्हणोन नवरे टाकोन बोलतात, त्या चार उलट ऐकवितात, आणि तिन्हीसांजा दोघे एका ओट्यावर बसतात. मला त्यांचा हेवा वाटे. यांनी राग सारा दोन दौलतींस वाटिला, माझे वाट्यास कोरडे 'बरे बरे' आले." पंतांची तळपायाची आग मस्तकास गेली. बारा वर्षांत प्रथम घरात आवाज चढविला, "खोटे! सपशेल खोटे! तुझी आमटी रोज अळणी असे, मी मुकाट गिळत आलो, एक दिवस तरी बोललो काय?" रहिवासनवीसांनी शिक्का पिशवीत ठेविला. म्हणाले, "पंत, मग तर संपलेच. दिवाणांनी पाहुण्याची खूण हीच सांगितली आहे."

दुसरे दिवशी पंत निघाले. बाईंनी त्यांचे हातावर गूळ ठेविला, पाणी दिले, आणि उंबरठ्याचे आत उभे राहोन, पाहुण्यास म्हणावे तैसे म्हणाल्या, "येत जावे." पंतांनी जाताना मागे पाहिले. बाईंचे डोळ्यांस पदर होता, परंतु पाय उंबरठ्याबाहेर आला नाही.

एवंच, दोन सनदा गेल्या, दोन वैरी गेले, आणि पंत कोण्या तिसऱ्या मुलखी वाहवा म्हणोन आमटी भुरकतात ऐसे ऐकिवात आहे. शेवग्याचे भांडण गिरमाबाईंनी त्याच संध्याकाळी आपले नावे चालू केले. बाळंभटांची तब्येत तेव्हांपासून सुधारली.