निळी दरी

निवृत्त ग्रंथपालांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र अगदी साधं होतं. 'डोंगरात घर बांधलंय. मागच्या दारातून दरी दिसते. तू कॅमेरा घेतलास म्हणे. वहिनींना घेऊन ये,' एवढंच बालमित्रानं लिहिलं होतं. ग्रंथपालांनी उत्तराचे मसुदे केले. एक फार कोरडा वाटला, दुसरा फार लाडिक. तिसऱ्यात 'नक्की येतो' असं होतं. ते वाचून ते स्वतःच घाबरले. शेवटी पत्र शब्दकोशात खूण म्हणून राहिलं.

प्रवासी छायाचित्रणाचा छंद त्यांना निवृत्तीनंतर जडला होता. छंद खरा होता, फक्त त्यातला प्रवास राहून गेला होता. उंचावर तोल कसा सांभाळावा, वाळवंटात लेन्स कशी पुसावी, अनोळखी माणसाचा फोटो काढण्याआधी कितपत हसावं, हे सगळं वाचून त्यांना पाठ होतं. पण निघायचं म्हटलं की एखादं पुस्तक वाचायचं राहिलेलं असेच.

"अहो, निदान सराव तरी करा," बायको म्हणाली. "बॅगेतच म्हातारा होईल तो कॅमेरा."

सरावाला त्यांना बाथरूमची भिंत सापडली. वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपून तिला ओल आली होती. निळ्या रंगाचे पोपडे सुटून डोंगरांसारख्या रांगा झाल्या होत्या, खाली बुरशीचं दाट रान माजलं होतं आणि गरम पाण्याची बादली भरली की त्यावर धुकं चढे. ग्रंथपाल पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तोल सांभाळत स्टुलावर चढले.

"गवंडी बोलवायचाय मला!" बायको दाराबाहेरून ओरडली.

"अगं थांब जरा. उजेड फार सुंदर आहे."

"माझी आंघोळ खोळंबलीय!"

फोटो छापायला बायकोच देऊन आली. काही दिवसांनी ग्रंथपाल स्टुडिओपाशी पोचले, तर त्यातला एक फोटो दर्शनी काचेत भल्यामोठ्या चौकटीत लटकत होता. खाली 'निळी दरी' अशी अक्षरं आणि त्यांचं संपूर्ण नाव.

तेव्हाच आत जाऊन खरं सांगायला हवं होतं. नोकरीभर त्यांनी कुणाला चुकीचा संदर्भ दिला नव्हता. अभिमान बाळगावा अशी तेवढीच एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. पण दुकानात गिऱ्हाईकं होती, आणि चार माणसांत 'ते आमचं बाथरूम आहे' असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते घरी परतले.

संध्याकाळी वाचनालयात डॉक्टरांनी त्यांना गाठलं. "छुपे रुस्तम निघालात! कुठंशी आहे ही दरी?"

"तशी... जवळच."

"आणि आम्हाला पत्ता नाही! चढ फार आहे का हो?"

"छे, फारसा नाही."

"मग आमच्या मुख्याध्यापक बाईंनाही जमेल. वाचनालयाची सहलच काढू. वाटाडे तुम्ही!"

"अहो डॉक्टर, तिथं एवढी माणसं मावणार नाहीत हो!"

"बघा, किती जपतायत जागेला!" डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि वाचनालयात टाळ्या पडल्या.

दोन दिवसांत पुढच्या महिन्याची बस ठरली. मुख्याध्यापक बाईंनी गुडघ्याला नवा पट्टा आणला. जो तो ग्रंथपालांना रस्त्यात थांबवून तिथं थंडी किती असते ते विचारू लागला. आता सहल निघाली तरी अब्रू जाणार होती, आणि रद्द केली तर कारण सांगताना जाणार होती. अखेर धीर करून ते स्टुडिओत शिरले.

"तो फोटो काढून टाका. नावात... नावात चूक झालीय."

"चूक कशी होईल काका?" स्टुडिओवाला म्हणाला. "नाव काकूंनीच सांगितलं. मोठा करून काचेत लावा, हेही त्याच म्हणाल्या. डॉक्टरांनाही तो फोटो बघायला त्यांनीच तर इथं आणलं होतं!"

घरी बायको बॅगेत स्वेटर भरत होती.

"अगं, तू?"

"मग काय करू? एकट्यानं निघायचं असतं तर तुम्ही पुन्हा पुस्तक उघडून बसला असता. आता बसभर माणसं तयार आहेत. बघू या कसे नाही म्हणता!"

"पण दरी कुठून आणू मी?"

बायकोनं शब्दकोशातून पत्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "भावोजींच्या मागच्या दारातून दिसते म्हणे."

या वेळी मसुदा झाला नाही. 'प्रिय मित्रा, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. पुढच्या महिन्यात नक्की येतो. सोबत हिच्याखेरीज एक बस आहे. दरी निळी नसली तरी निभावून नेईन, पण सकाळी थोडं धुकं असेल असं बघ.'

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून झाल्यावरही ग्रंथपाल फटीतून आत डोकावत राहिले.

"पडलं हो, पडलं. आता ते काही वर येत नाही," बायको त्यांची बाही ओढत म्हणाली. "चला लवकर. गवंडी येऊन थांबलाय, आणि डॉक्टर चहाला येतायत. ते हात धुवायला आत जायच्या आधी ती दरी खरवडून झाली पाहिजे."